पेटसी बसवून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

महासंगणकावर पेटसी (PETSc, मोठी समीकरणं सोडवणारी लायब्ररी) बसवताना तुम्ही जी मदत केलीत, तिच्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. नांदेड, परभणी, लातूर, संभाजीनगर इथून जे कुणी असं काम करू पाहतील, ते नेमके याच ठिकाणी अडकतील. तुमचं प्रत्येक उत्तर कारणासकट यायचं, म्हणून ती कारणंही इथे लिहितो.

काम गोदावरी खोऱ्यातल्या भूजलाच्या मॉडेलचं. जाळीत आडवी ४००, उभी ३०० घरं आणि खाली १२ थर, म्हणजे १४,४०,००० अज्ञात संख्या. एका घराचा संबंध फार तर सहा शेजाऱ्यांशी, त्यामुळे मॅट्रिक्सच्या एका ओळीत जास्तीत जास्त सात आकडे आणि बाकी सगळी शून्यं. अशी विरळ समीकरणं अनेक प्रोसेसमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामच्या प्रतींमध्ये) वाटून सोडवायची तर पेटसीसारखी लायब्ररी लागते. अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९१ मध्ये तिचं काम सुरू झालं आणि ती सगळ्यांना मोफत आहे.

तुम्ही आधी मॉड्यूलची, म्हणजे महासंगणकावरची सॉफ्टवेअरं हवी तशी लोड करण्याची, शिस्त लावलीत. पहिलं 'मॉड्यूल पर्ज' (आधी लोड झालेलं सगळं काढणं), मग कंपायलर, मग त्याच कंपायलरने बांधलेलं एमपीआय (प्रोसेसना एकमेकींना निरोप पाठवू देणारी लायब्ररी), आणि 'मॉड्यूल लिस्ट'चं आउटपुट एका फाइलीत जपून. जॉबच्या स्क्रिप्टमध्येही तीच यादी, त्याच क्रमाने. हे चुकल्यावर काय दिसतं ते नवीन माणसाने ओळखून ठेवावं. ८ प्रोसेसचा जॉब टाकावा आणि आउटपुटमध्ये 'क्रमांक ०, एकूण १' ही ओळ आठ वेळा यावी. एरर कसलीच नाही. आठही प्रोसेस एकमेकींना न ओळखता तोच अख्खा प्रश्न सोडवत बसलेल्या असतात, कारण लायब्ररी एका एमपीआयने बांधलेली असते आणि जॉब दुसऱ्या एमपीआयने सुरू केलेला असतो. पुष्कळदा ॲनाकोंडाचं (पायथनच्या संचाबरोबर आलेलं) एमपीआयसीसी पाथमध्ये पुढे येऊन बसलेलं असतं. कंपाइल करणारं एमपीआयसीसी आणि चालवणारं एमपीआयएक्झेक, दोन्हींना 'व्हिच' लावून पाहायचं. दोन्ही एकाच फोल्डरमधून आले पाहिजेत.

पेटसीला स्वतःचं एमपीआय उतरवून घेता येतं, पण महासंगणकावर ते करू नका, असं तुम्ही ठामपणे सांगितलंत. तिथलं एमपीआय तिथल्या इन्फिनिबँड या वेगवान नेटवर्कशी आणि स्लर्म या जॉबच्या रांगा सांभाळणाऱ्या प्रोग्रामशी जुळवून बांधलेलं असतं. आपण उतरवलेलं चालेलही, पण नोड ते नोड (महासंगणकातल्या एका यंत्राकडून दुसऱ्याकडे) निरोप मंद वाटेने जाण्याचा धोका राहतो.

हायपर, मेटिस, पारमेटिस, स्कॅलापॅक, मम्प्स ही बरोबरची पॅकेजं कॉन्फिगर (पेटसीच्या बांधणीची तयारी करणारी स्क्रिप्ट) स्वतः उतरवतं, पण त्यासाठी इंटरनेट लागतं. ते नसेल तेव्हाची तुमची युक्ती फार कामाची: 'विथ पॅकेजेस डाउनलोड डिर' हा पर्याय देऊन एक फोल्डर दाखवायचं. कॉन्फिगर तिथे हव्या असलेल्या फाइलींची यादी छापून थांबतं. त्या फाइली दुसरीकडून आणून फोल्डरमध्ये टाकायच्या आणि तीच आज्ञा पुन्हा द्यायची. मेटिसला सीमेक लागतं, ते मॉड्यूलमधून आधीच लोड केलेलं बरं. मम्प्स हा थेट सोडवणारा सॉल्व्हर वापरणार असाल तर एमकेएलसारखं त्या प्रोसेसरसाठी घासून काढलेलं ब्लास (मॅट्रिक्सची गणितं करणारी लायब्ररी) द्या, कारण मम्प्सचा बराचसा वेळ दाट तुकड्यांच्या गुणाकारात जातो. नुसत्या पुनरावृत्तीच्या पद्धती वापरणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही.

'मार्च नेटिव्ह' हा फ्लॅग (जिथे कंपाइल करतो त्याच प्रोसेसरसाठी कोड काढणारा) लॉगिन नोडवर बिनविचार लावला की एक खास घोटाळा होतो. लॉगिन नोडचा प्रोसेसर नवा आणि कंप्यूट नोडचा जुना असेल, तर कंपाइल बिनबोभाट होतं आणि जॉब सुरू होताच 'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो. त्यावर उपाय म्हणजे इंटरॲक्टिव्ह जॉब घेऊन कंप्यूट नोडवरच कॉन्फिगर करायचं. 'मेक चेक' ही चाचणीही तिथेच चालवायची.

एकाच सोर्समधून दोन बिल्ड ठेवायला लावलेत, दोन वेगळ्या पेटसी-आर्च नावांनी. पहिला डिबगचा. कॉन्फिगर न सांगता तोच बांधतं. दुसरा 'विथ डिबगिंग' शून्य करून आणि ओ-३ हा वेगाचा फ्लॅग लावून. चूक पहिल्यात शोधायची, वेळ दुसऱ्यात मोजायचा. 'लॉग व्ह्यू'चा वेळेचा अहवाल नीट उघडून बघितला तर डिबग बिल्डमध्ये चौकटीत मोठी सूचना छापलेली असते की हे आकडे वेळेच्या तुलनेसाठी घेऊ नका, डिबगिंग काढलं तर साधारण दोन-तीन पट वेग मिळेल. ती चौकट आम्ही आता सगळ्यात आधी बघतो. आणखी एक बारकी सोय तुम्ही दाखवलीत: आर्चच्या फोल्डरमध्ये 'लिब, पेटसी, कॉन्फ'च्या आत रीकॉन्फिगर नावाची पायथन फाइल तयार होते. दिलेले सगळे पर्याय तिच्यात असतात, त्यामुळे सहा महिन्यांनी 'तेव्हा काय लिहिलं होतं' म्हणून डोकं खाजवावं लागत नाही.

मॅट्रिक्स भरताना जागा आधी राखून ठेवायची, हे जुन्या आवृत्त्यांत फार महत्त्वाचं होतं. ३.१९ पासून पेटसी ते बऱ्यापैकी स्वतः सांभाळते. तरी 'इन्फो' पर्याय लावून 'मॅटसेटव्हॅल्यूज'च्या (आकडे भरण्याच्या) वेळी झालेल्या मॅलॉकची, म्हणजे नव्याने मेमरी मागण्याची, संख्या बघायची. ती ० असेल तर ठीक. आणि ज्या प्रोसेसच्या मालकीच्या ओळी, तिनेच त्या भराव्यात. दुसऱ्याच्या ओळीत टाकलेले आकडे साठून राहतात आणि असेंब्लीच्या (मॅट्रिक्स जुळवण्याच्या) वेळी सगळे नेटवर्कवरून धावतात.

आता वेगाचं. ४८ कोअरच्या नोडवर २४ वरून ४८ प्रोसेस केल्या तर काम निम्म्या वेळात का होत नाही, यावर तुम्ही दिलेलं उत्तर इकडच्या माणसाला कधीच विसरता येणार नाही. एका विहिरीवर दहा मोटारी बसवल्या म्हणून झरा दहापट वाहत नाही. विरळ मॅट्रिक्सच्या गुणाकारात प्रत्येक आकड्यामागे ८ बाइटची किंमत आणि ४ बाइटचा पत्ता, असे १२ बाइट मेमरीतून आणावे लागतात, आणि त्यांच्यावर होतं काय, तर एक गुणाकार आणि एक बेरीज. कोअर रिकामे बसतात, वाट बघतात. मेमरीची वाहिनी हा झरा आणि कोअर या मोटारी. 'मेक स्ट्रीम्स' चालवलं की कितव्या प्रोसेसनंतर वेग वाढायचा थांबतो ते त्या नोडपुरतं सरळ दिसतं.

नोडमध्ये दोन सॉकेट (प्रोसेसरच्या जागा), म्हणजे दोन विहिरी. प्रोसेस निम्म्याच चालवायच्या असतील आणि त्या सगळ्या एकाच सॉकेटवर बसल्या, तर दुसरी विहीर तशीच भरलेली राहते. ओपन एमपीआयमध्ये 'मॅप बाय सॉकेट' आणि 'बाइंड टू कोअर' हे दोन पर्याय त्यासाठीच आहेत. ओएमपी-नम-थ्रेड्स १ ठेवणंही विसरायचं नाही, नाहीतर एमकेएल प्रत्येक प्रोसेसमागे स्वतःचे थ्रेड काढतं आणि गर्दी होते.

प्रोसेस किती घ्यायच्या याचा हिशोबही तुम्ही कागदावर मांडून दिलात. एका प्रोसेसच्या वाट्याला किमान १०,००० अज्ञात असावेत, २०,००० च्या वर असतील तर उत्तम. आमच्या मॉडेलला ४८ प्रोसेसवर ३०,००० येतात, ९६ वर १५,०००, आणि १९२ वर ७,५००. म्हणजे १९२ मागणं म्हणजे रांगेत जास्त थांबून कमी पदरात पाडून घेणं.

पण सगळ्यात मोठं ऋण सॉल्व्हरबद्दलचं आहे. पेटसी काही न सांगता जीएमआरईएस ही पुनरावृत्तीची पद्धत घेते, ३० पायऱ्यांनी पुन्हा सुरू करते, आणि अनेक प्रोसेसवर ब्लॉक जेकोबी हा प्रीकंडिशनर (समीकरणं सोडवायला सोपी करणारी पायरी) लावते, प्रत्येक तुकड्यात आयएलयू शून्य, म्हणजे मॅट्रिक्सची अंदाजे फोड. प्रोसेस वाढल्या की तुकडे लहान होतात आणि पुनरावृत्ती वाढत जातात. आमचं मॅट्रिक्स सममित आणि धन-निश्चित, तेव्हा अशा मॅट्रिक्ससाठीची सीजी ही पद्धत घ्या आणि त्यावर हायपरचं बूमरएएमजी हा प्रीकंडिशनर लावा, असं तुम्ही सुचवलंत. त्रिमितीय प्रश्नात त्याचा 'स्ट्राँग थ्रेशोल्ड' नेहमीच्या ०.२५ वरून ०.५ करायलाही सांगितलंत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उत्तर जुळलं नाही तरी केएसपी (पेटसीचा सॉल्व्हर) आपणहून प्रोग्राम थांबवत नाही. १०,००० पुनरावृत्ती संपतात, अपुरं उत्तर पुढच्या फंक्शनकडे जातं, आणि पाणीपातळीचा देखणा नकाशा छापला जातो. म्हणून 'केएसपी कन्व्हर्ज्ड रीझन' कायम चालू ठेवायचं आणि 'केएसपी एरर इफ नॉट कन्व्हर्ज्ड' लावायचं. नेहमीची सापेक्ष मर्यादा १०⁻⁵ असते, तीही प्रीकंडिशनर लावलेल्या शेषावर (समीकरणात उरलेल्या चुकीवर) मोजलेली. इकडच्या बेसाल्टमध्ये वर मुरूम, मध्ये मांजऱ्या, खाली काळा पाषाण. त्यांची पाणी वाहून नेण्याची ताकद कित्येक पटींनी वेगळी. अशा ठिकाणी तो शेष लहान दिसतो आणि खरा शेष मोठाच असतो. 'मॉनिटर ट्रू रेसिड्युअल' लावून दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी वाचायला तुम्ही शिकवलंत. बोट ठेवून एकेक ओळ वाचायची सवय तिथूनच लागली.

स्थिर अवस्थेच्या मॉडेलला सगळ्या कडा बंद असतील तर मॅट्रिक्स सिंग्युलर होतं (त्याला एकच ठरावीक उत्तर राहत नाही), कारण पातळी सगळीकडे एक मीटरने वाढवली तरी समीकरण तेच. तिथे 'मॅटसेटनलस्पेस' द्यायचं किंवा नदीची पातळी एखाद्या घरात बांधायची. हे तुम्ही एका ओळीत सांगितलंत आणि ते तेवढंच पुरलं.

तुमची कॉन्फिगरची आज्ञा, मॉड्यूलची यादी आणि जॉबची स्क्रिप्ट, तिन्ही फाइली आम्ही एका फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी तेच फोल्डर देतो. आता थर १२ वरून २४ करतोय, अज्ञात २८,८०,००० होतील. तुमच्याच हिशोबाने ९६ प्रोसेस मागितल्या आहेत, म्हणजे वाटा पुन्हा ३०,००० चा.

हुरड्याच्या दिवसांत इकडे जरूर या, ताई. पैठणला नाथसागर बघू आणि त्याच पाण्याचा नकाशा पडद्यावर दाखवू.

आपले,
मराठवाड्यातल्या भूजल मॉडेलवर काम करणारे सगळे