केळीच्या विम्यात शेत कोण पाहणार?

महोदय,

हवामान आधारित फळपीक विम्यात कमी तापमानाची भरपाई शेत पाहून ठरत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा पारा ठरलेल्या अंशापर्यंत उतरला तर पैसे, नाही तर नाही. माझी केळी तापीकाठच्या खोलगट रानात आहे. पहाटेचा गारठा तिथे गावापेक्षा जास्त. यंदा पानांवर चरका (थंडीचा करपा) पडला, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं अडकलं. केंद्राचा आकडा मात्र वरच राहिला. कार्यालयात उत्तर मिळालं, ‘सिस्टीम घेत नाही, भाऊ.’ (कारकून बिचारा तरी काय करणार!)

पंचनाम्यातही ओळखीपाळखी चालायची, म्हणून यंत्राला माझा विरोध नाही. पण 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यात अर्ज नाकारताना लेखी कारण नोंदवावं लागतं. युरोपात 2018पासून, निव्वळ यंत्राने घेतलेल्या मोठ्या परिणामाच्या निर्णयावर माणसाकडून फेरविचार मागता येतो. आपल्याकडे निदान केंद्राच्या रोजच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि आकडा बाजूला ठेवून बांधावर येण्याचा अधिकार तालुक्यातल्या एखाद्या कृषी अधिकाऱ्याला द्या. पुढच्या हंगामाचा हप्ता भरण्याआधी हे व्हावं.

– एक केळी उत्पादक, ता. यावल, जि. जळगाव