५० नंबर आणा, पण माप दोन बोटांचं

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, ३० ऐवजी ५० नंबरचं सनस्क्रीन आणू का, असं तुम्ही विचारलंत. जरूर आणा. पण आई म्हणाली की आधीची ५० ग्रॅमची ट्यूब तुम्ही दोघं मिळून वापरताय आणि कित्येक महिने झाले तरी ती अजून निम्मी शिल्लक आहे. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. एका माणसाने फक्त चेहरा आणि गळ्याला रोज एकदा, जेवढं लावायला हवं तेवढं लावलं, तर ती ट्यूब चाळीसेक दिवसांत संपते. दोघांना वीस दिवस. म्हणजे तुम्ही लावताय, पण नावापुरतं.

हा ३० किंवा ५० आकडा, म्हणजे एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचं माप), ठरतो कसा, ते सांगते. प्रयोगशाळेत माणसांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतकं सनस्क्रीन मोजून लावतात. मग त्यावर अतिनील किरण सोडतात आणि कातडी लाल व्हायला किती मात्रा लागली ते बघतात. शेजारच्या उघड्या कातडीपेक्षा ३० पट मात्रा लागली, तर एसपीएफ ३०. म्हणजे ट्यूबवरचा आकडा त्या ठरावीक जाडीच्या थराचा असतो. घरी आरशासमोर उभं राहून लोक प्रत्यक्षात किती लावतात, हेही बऱ्याच संशोधकांनी मोजलंय. साधारण त्याच्या निम्मं, पुष्कळदा पावच.

निम्मं लावलं तर काय होतं? ५० नंबरचं संरक्षण फार तर २५ वर येतं, आणि काही प्रयोगांत ते याहून कितीतरी खाली, दहाच्याही आत गेलेलं दिसलंय. आता ३० आणि ५० मधला फरक बघा. दोन्ही पूर्ण मापाने लावले, तर कातडी भाजणाऱ्या १०० भाग किरणांपैकी ३० नंबरमधून ३ च्या आसपास आत शिरतात, ५० मधून २. १५ नंबरमधून सुमारे ७. पातळ थर लागणारच असेल तर मोठा आकडा थोडा आधार देतो, म्हणून मी ५० ला नको म्हणत नाही. पण ५० चा पुसट हात फिरवण्यापेक्षा ३० चा पुरेसा थर केव्हाही चांगला. आणि १५ वर ३० लावलं की ४५ होतं, असं मात्र नाही.

माप लक्षात ठेवायला सोपं आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक सलग रेघ काढायची. ते सगळं चेहरा, कान आणि मान यांच्यासाठी. एकेका हाताला, खांद्यापासून बोटांपर्यंत, पुन्हा तशाच दोन रेघा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट असेल तर साधारण निम्म्यात भागेल. पहिल्यांदा बघाल तेव्हा हे फारच वाटेल. एकदम लावायला जमलं नाही तर आधी एका बोटाचं लावा, दोन मिनिटांनी दुसऱ्या बोटाचं. दोन हात दिले की सुटून राहिलेल्या जागाही भरून निघतात. बाबा, तुमच्या कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि विरळ झालेला माथा, या तीन जागा तुम्ही हमखास सोडता. डॉक्टरांनी दाखवलेला तो खरखरीत डाग कानाजवळच आहे, हे विसरू नका.

आई, तू वाटाण्याएवढं सनस्क्रीन तळहातावर घेऊन त्यात तुझं नेहमीचं क्रीम मिसळतेस आणि मग चेहऱ्याला लावतेस. तसं करू नकोस गं. त्याने सनस्क्रीनचा थर आणखी पातळ होतो. आधी क्रीम लाव, ते मुरू दे, मग वरून सनस्क्रीन. चेहरा पांढरट, चिकट दिसतो म्हणून तू कमी लावतेस हे मला ठाऊक आहे. तसं असेल तर ती ट्यूब बदलू या. जेलसारखी किंवा पातळ लोशनसारखी घेऊ, जी दोन बोटं भरून लावायला तुला जड जाणार नाही. घेताना 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी या दोन्ही अतिनील किरणांपासून संरक्षण, असं लिहिलंय ना, तेवढं बघायचं. एसपीएफचा आकडा मुख्यतः कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल बोलतो. कातडी सैल करणारे, डाग गडद करणारे यूव्हीए किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात, आणि दुपारभर तू त्या खिडकीपाशीच वाचत बसतेस.

आता या वयात हे सोपस्कार कशाला, असं तुम्ही दोघंही म्हणाल. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बूर गावी १९९२ साली १,६२१ जणांवर एक अभ्यास सुरू झाला. त्यात पंचवीस वर्षांपासून पंचाहत्तरीपर्यंतचे लोक होते. निम्म्यांना डोकं, मान आणि हातांना रोज सकाळी सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना जसं वाटेल तसं. रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस सेल प्रकारचा त्वचेचा कर्करोग सुमारे ४० टक्के कमी आढळला. बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर मेलानोमा हा त्वचेचा जास्त घातक कर्करोगही निम्म्याच्या आसपास दिसला. त्या बाटलीचा एसपीएफ होता १६! हे वाचल्यापासून माझी खात्रीच पटली आहे की आकडा मोठा असण्यापेक्षा रोज, न चुकता लावण्याला जास्त मोल आहे.

बाहेर जास्त वेळ राहिलात तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. घाम पुसला, तोंड धुतलं, तर त्याआधीच. नंबर ५० असला तरी हे दोन तास लांबत नाहीत. ढगाळ दिवशीही पुष्कळसे अतिनील किरण खाली पोचतात, तेव्हा आभाळ बघून सुट्टी घेऊ नका. आणि रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा शर्ट, सावलीची बाजू हे सगळं आधी. टोपी कधी कमी लागत नाही आणि दोन तासांनी उतरतही नाही. जिथे कापड पोचत नाही तिथे सनस्क्रीन.

ड जीवनसत्त्वाची काळजी आईला आहे. सनस्क्रीन रोज वापरणाऱ्यांमध्ये ते फारसं घटत नाही, असंच बहुतेक अभ्यासांत दिसलंय. तरी या वयात तपासणी करून घेणं चांगलंच. कमी निघालं तर डॉक्टर गोळी देतील, त्यासाठी दुपारचं ऊन अंगावर घेण्याची गरज नाही.

बाबा, एक काम मात्र या आठवड्यातच करा. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड हे नाव आहे का, ते चष्मा लावून नीट बघा. त्या औषधाने कातडी उन्हाला जास्त हळवी होते, आणि बरीच वर्षं घेतलं तर त्वचेच्या काही कर्करोगांचा धोका वाढतो असं आढळलं आहे. नाव दिसलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, कानाजवळचा डाग पुन्हा दाखवा आणि बदल हवा का ते त्यांनाच ठरवू द्या. तो डाग वाढला, खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त आलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जा. आई, तूही सोबत जा, कारण दुखत नाही म्हटल्यावर बाबा तो डाग दाखवायचाच राहू देतील.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. ट्यूब हाताशी ठेवा, दोघांनी माझ्यासमोर लावायचं आहे.

तुमची,
लेक