स्मरण : गुरुवारची बैठक, जसदेव सिंग यांच्यासाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या गुरुवारी, 25 सप्टेंबरला, संध्याकाळी साडेपाचला फोंड्याच्या आपल्या नेहमीच्या खोलीत बसायचं आहे. हॉकी समालोचक जसदेव सिंग 2018 साली याच तारखेला गेले.

1948 मध्ये गांधीजींच्या अंत्ययात्रेचं मेलव्हिल डी मेलो यांनी इंग्रजीत केलेलं धावतं वर्णन रेडिओवर ऐकून हा उर्दूत शिकलेला मुलगा ठरवतो, आपण हे हिंदीत करायचं! 1955 ला जयपूर आकाशवाणी, पुढे नऊ ऑलिम्पिक, आठ हॉकी विश्वचषक. 1985 ला पद्मश्री, 2008 ला पद्मभूषण.

पण आपण बोलणार ते मुख्यतः 15 मार्च 1975 बद्दल. क्वालालंपूर, हॉकी विश्वचषकाची अंतिम लढत, समोर पाकिस्तान, आपण एका गोलने मागे. सुरजित सिंगने बरोबरी केली, मग ध्यानचंदांचा मुलगा अशोककुमार याचा तो फटका : चेंडू खांबाला लागून बाहेर, पाकिस्तानी खेळाडू पंचांभोवती, गोल कायम. 2-1. चित्र दिसत नसताना हा गोंधळ जसदेव सिंग यांच्या समालोचनावरून कानांनी समजायचा होता. आमच्या घरी ट्रान्झिस्टर फणसाच्या झाडाखाली नेला की खरखर कमी व्हायची, का ते देव जाणे.

ज्यांनी तो सामना ऐकला होता, त्यांनी आठवण सांगायची तयारी ठेवावी. प्रत्येकी पाच मिनिटं, बुवा, गेल्या खेपेसारखी पाऊण तास नकोत. चालू स्थितीतला जुना रेडिओ असल्यास आणावा. छत्री विसरू नये. चहा आणि बटाटवडा आहे, तेव्हा येणार की नाही ते मंगळवारपर्यंत कळवा.

– कार्यवाह