सलाईनच्या बाटलीवर काय लिहिलंय?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका. निम्मी नोकरी प्रसूती कक्षात आणि सिझरच्या टेबलाशेजारी गेली. आपल्याकडे स्टँडला लटकलेली कुठलीही बाटली म्हणजे सलाईन. आत मिठाचं पाणी आहे, आरएल (रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं बिनसाखरेचं पाणी) आहे की ग्लुकोज, कोण विचारतं? सासू एवढंच म्हणते, "सिस्टर, पोरगी रात्रीपासून उपाशी आहे, एक ताकदीची बाटली लावा की." आणि आम्हीही कित्येकदा हाताला येईल ती लावली. त्यामुळे या तक्रारीत मीही आलेच.

५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. धडधाकट बाईच्या अख्ख्या रक्तात एका वेळी असते जेमतेम चार-पाच ग्रॅम. पाठीत भूल दिली की रक्तदाब पडतो, म्हणून बाटली भराभर सोडतात. ती ग्लुकोजची निघाली तर आईची साखर चढते आणि वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन वार ओलांडत नाही, म्हणून बाळ स्वतःचं बनवायला लागतं. मग नाळ कापली जाते. साखर जागच्या जागी बंद होते, इन्सुलिन मात्र कामावरच असतं, आणि बाळाची साखर घसरते.

एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. तीन किलोचं, खणखणीत रडलेलं बाळ. आईचे टाके चालू होते, बाळ बाहेर आत्याच्या मांडीवर. कुणीतरी मधाचं बोट चाटवायला निघालं होतं, त्यांना ओरडले. दीडेक तासाने आत्या म्हणाली, "याला थंडी वाजतेय का हो?" हातपाय थरथरत होते. टाच टोचली, साखर २८, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांनी शिरेतून १० टक्के ग्लुकोज द्यायला सांगितलं. कपाटात ते नव्हतंच. मग ५ टक्क्यांचे तीन भाग, २५ टक्क्यांचा एक भाग, असं सिरिंजमध्ये मिसळलं आणि किलोला दोन मिलिलिटर या हिशेबाने सहा मिलिलिटर हळूहळू दिलं. थरथर थांबली. साखर पुन्हा तपासायला डबीत पट्टी नव्हती. बाप मेडिकलवाल्याला उठवून घेऊन आला.

सगळा दोष त्या बाटलीचा होता असं मी म्हणणार नाही. बाळाला दूधही वेळेत मिळालं नव्हतं. ग्लुकोज वाईट नाही. इन्सुलिनवर असलेल्या मधुमेही आईला ते लागू शकतं. पण मोजून, मशीनवर साखर बघत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने होतात. देशात जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजली जाणारी बाळं ४१.८ टक्के. सिझरची आई या दुसऱ्या आकड्यात मागे राहते, कारण तिला बाहेर आणेपर्यंत तो तास संपलेला असतो. टाके घालतानाही बाळ छातीशी लावता येतं, मी लावलेलं आहे. त्यासाठी एक माणूस जास्तीचा उभा राहावा लागतो, आणि तोच नसतो.

प्रसूती कक्षांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात २०१७ पासून सिझरच्या शस्त्रक्रियागृहाचीही तपासणी होते. त्यात लेखी नियम घाला, की भराभर सोडायची बाटली आरएल किंवा मिठाच्या पाण्याची असेल आणि ग्लुकोज दिलं तर कारण केसपेपरवर येईल. ठरलेल्या सिझरला दोन तास आधीपर्यंत साधं पाणी प्यायला हरकत नसते, हे वॉर्डातल्या प्रत्येक बाईला सांगा; निम्म्या 'ताकदीच्या बाटल्या' तिथेच कमी होतील. आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात आई-बाळाच्या तपासण्या मोफत आहेत, तर साखरेच्या पट्टीसाठी बापाने रात्री दोनला पळायचं कशाला?

पुढच्या भेटीत हारतुरे आटोपले की प्रसूती वॉर्डातल्या टेबलाचा खण स्वतः उघडा. पट्ट्या किती उरल्यात आणि मुदत कधी संपतेय, तेवढं बघा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका