मननातली माणसं एका रात्रीत कशी काय बदलतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज ख्रिस्ती मननाचा जो छोटा मजकूर येतो तो मी नेमाने वाचते, बऱ्याचदा घरात मोठ्याने वाचूनही दाखवते, त्यामुळे पत्र तक्रारीचं असलं तरी तक्रार रोजच्या वाचकाची आहे एवढं लक्षात असू द्या. एखाद्याच्या आयुष्यातला प्रसंग, खाली एक वचन, शेवटी दोन ओळींची प्रार्थना, हा साचा मला आवडतो. सकाळी डोकं धड जागं झालेलं नसताना कुणी बायबलमधलं रोमकरांस पत्र उलगडून सांगायला लागलं तर काही आत जात नाही, पण अमुक एक माणूस होता आणि त्याच्यावर असा असा प्रसंग आला म्हटलं की आपण ऐकतोच. आणि हे काही आजकालचं नाही. तेराव्या शतकात एका इटालियन धर्मगुरूने संतांच्या गोष्टी चर्चच्या सणांच्या क्रमाने लावून ठेवल्या होत्या, त्यात ड्रॅगनसुद्धा होते! जर्मनीत हेर्नहूट गावी मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १७२८ पासून रोजचं एक वचन घरोघर जाऊन सांगायला सुरुवात केली, १७३१ पासून ते छापील निघायला लागलं आणि अजून दर वर्षी निघतंय.

आता मुद्दा. मध्यंतरी जॉन न्यूटनवर मजकूर आला होता, म्हणजे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा. गुलामांच्या जहाजावरचा उर्मट खलाशी, समुद्रात वादळ, जहाज बुडायच्या बेतात, त्याने देवाचा धावा केला, वाचला, त्याच रात्री नवा माणूस झाला, तो धंदा सोडला आणि गीत लिहिलं. संपलं. खाली तात्पर्य की देव तुमचंही वादळ आज शांत करील. वाचायला छान आहे, फक्त तसं झालेलं नाही.

वादळ १७४८ च्या मार्चमधलं, न्यूटन तेव्हा २२ वर्षांचा. त्याने देवाला हाक मारली हे खरं, पुढे आयुष्यभर तो तो दिवस पाळायचा हेही खरं. पण त्यानंतर तो त्याच धंद्यात परत गेला, नुसता गेला नाही तर १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून तीन सफरी केल्या, रविवारी खलाशांना जमवून उपासना घ्यायचा आणि त्याच जहाजात खाली साखळदंडांत माणसं भरलेली असायची. जहाज सोडलं तेही तब्येतीने दगा दिला म्हणून, मनाला टोचणी लागली म्हणून नाही. १७६४ ला तो चर्चचा पाळक झाला, गीत आलं १७७३ च्या नव्या वर्षाच्या उपासनेला, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे छापून लिहिलं ते १७८८ मध्ये. म्हणजे वादळाला चाळीस वर्षं झाल्यावर! त्या लेखात तो स्वतःच म्हणतो की ही कबुली कितीही मनापासून असली तरी झालेलं नुकसान भरून काढायला ती फार उशिरा येतेय. ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार बंद करणारा कायदा १८०७ मध्ये केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

मला सांगा, यातली कुठली गोष्ट वाचकाच्या जास्त कामाची आहे? ज्याने वर्षानुवर्षं प्रार्थना केली, चर्चला गेला, आणि तरीही ऑफिसात टेबलाखालून पैसे घेतो किंवा घरी बायकोशी वाकडं बोलतो आणि यात काही खटकण्यासारखं आहे हेच ज्याला अजून कळलेलं नाही, त्याला एका रात्रीतला न्यूटन काय सांगणार? काहीच नाही. पण वर उपासना आणि खाली साखळदंड असलेला न्यूटन त्याला सरळ छातीत लागेल. नेमका तोच भाग कापला जातो, आणि का कापतात तेही मला कळतं, तो वाचून प्रसन्न वाटत नाही आणि सकाळचं मनन प्रसन्न असावं अशी आपली समजूत आहे.

पंडिता रमाबाईंचंही असंच. दर वेळी दुष्काळात आईवडील गेले, विधवा झाल्या, ख्रिस्त सापडला, मुक्ती मिशन उभं राहिलं, असं एका दमात. पण रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! बाप्तिस्मा घेतलेली, एवढी विद्वान बाई हे लिहिते. ज्या सिस्टरने त्यांना तिथे सांभाळलं तिच्याशी त्यांची पत्रांतून चांगलीच जुंपली होती, मोठ्या कष्टाने एका पुरोहितांच्या जोखडातून सुटलेय, लगेच दुसरं मानेवर घ्यायची माझी तयारी नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट ठणकावलं. हे मननात कधी आलेलं मी तरी पाहिलं नाही, आणि मला तर वाटतं रमाबाईंचं सगळ्यात उपयोगी मनन यातच आहे, कारण श्रद्धा म्हणजे मान खाली घालून हो म्हणणं असं आपल्या मुलींना अजूनही शिकवलं जातं.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा, मधली पाच वर्षं त्या घराचं काय झालं ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिलंय, रडवत आणि हसवत. तिथे टिळक संतही दिसतात आणि डोक्याला ताप देणारा नवराही, आणि त्यामुळे त्यांचं मोठेपण इंचभरही कमी होत नाही.

दुसरी तक्रार त्याहून साधी आहे. काही गोष्टी सरळ खोट्या असतात. गरुड चाळिशीला आला की डोंगरावर जातो, चोच दगडावर आपटून तोडतो, नवी चोच आली की तिने जुनी पिसं उपटतो आणि मग पुढे आणखी तीस वर्षं जगतो, ही गोष्ट वॉट्सअ‍ॅपवर तर दर महिन्याला फिरतेच पण छापील मननातही येते आणि खाली यशयाचा ४० वा अध्याय, गरुडासारखे पंख पसरून वर जाण्याचं वचन. चोच तुटलेला गरुड खाणार काय? उपाशी मरेल तो. तसंच तो छोटा आईन्स्टाईन, जो वर्गात प्रोफेसरला अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव वगैरे सांगून गप्प करतो, असा प्रसंग त्याच्या आयुष्यात घडलेलाच नाही. यशयाचं वचन काय गरुडाच्या चोचीवर टेकून उभं आहे का? आणि मोबाईल हातात असलेला पोरगा दोन मिनिटांत शोधून काढतो की हे खोटं आहे, मग त्याच पानावर छापलेल्या येशूच्या पुनरुत्थानाबद्दल तो काय विचार करेल याची काळजी कुणी करायची? बोधकथा म्हणून सांगा ना, येशूनेही दाखले सांगितले, पण उधळ्या पुत्राच्या गोष्टीला त्याने गाव आणि साल जोडून ती बातमी केली नाही.

काही लोक म्हणतील दोनशे शब्दांत अजून काय मावणार. मावतं. हॉलंडमधल्या कोरी टेन बूमचा प्रसंग बघा. नाझींपासून ज्यूंना घरात लपवलं म्हणून हे कुटुंब पकडलं गेलं, बहीण बेट्सी १९४४ च्या डिसेंबरात रावेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली, आणि १९४७ मध्ये म्युनिकमध्ये कोरी क्षमेवर बोलून उतरली तर त्याच छावणीतला एक पहारेकरी समोर हात पुढे करून उभा. ती लिहिते की माझा हात उठेना. आत प्रेम वगैरे काही नव्हतं, देवाला म्हणाली की हात तेवढा मी उचलते, बाकीचं तू बघ, आणि यंत्रासारखा हात पुढे केला. हे सगळं दहा ओळींत येतं आणि त्यातली ‘हात उठेना’ ही ओळ काढली तर उरतो फक्त उपदेश. तिने ती स्वतः ठेवली म्हणून इतकी वर्षं लोक ते वाचतायत.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपात आली तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण कित्येक वर्षं प्रार्थनेत त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं असं त्यांत होतं. माझ्या ओळखीत एक आजारी बाई आहेत, प्रार्थना करून काही वाटत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत बसायच्या, त्यांना धीर आला तो या पत्रांनी, हसऱ्या चेहऱ्यांच्या मननांनी नाही. आणि पवित्र शास्त्रात तरी कुठे सगळं गोड आहे? पौल आणि बर्णबा हे दोघे प्रचारक आपल्या सोबत्यावरून, योहान मार्कावरून, इतके भांडले की वेगवेगळ्या वाटांनी गेले, ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात जसंच्या तसं आहे, आणि त्याच मार्काला पुढे पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, सांगून बोलावून घेतो पण मधे काय झालं ते कुणी सांगत नाही. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एक आशेची ओळ जोडावी असं संकलन करणाऱ्यांना वाटलं नाही.

म्हणून विनंती अशी की गोष्टीत साल टाका, दोन घटनांमध्ये किती वर्षं गेली ते सांगा. एखादं आयुष्य एका दिवसात उरकण्यापेक्षा आठवडाभर चालवा, सोमवारी अर्ध्यावर सोडा, वाचक मंगळवारी येतील. शेवटची ‘तुम्हीही आज’वाली ओळ अधूनमधून गाळा, आम्हाला कळतं. कुठून घेतलंय ते एका ओळीत द्या. न्यूटनवरची दुरुस्ती छापलीत तर बरंच होईल, संडे स्कूलच्या मुलांनी ते कात्रण वहीत चिकटवलंय.

आणि बायकांना आत घ्या. ऑस्वल्ड चेंबर्स या स्कॉटिश प्रचारकाचं जे मननाचं पुस्तक जगभर वाचलं जातं ते त्याने लिहिलंच नाही, तो १९१७ मध्ये गेला, त्याची व्याख्यानं बायको बिडीने शॉर्टहँडमध्ये उतरवून ठेवली होती त्यातून तिने ते १९२७ मध्ये तयार केलं, स्वतःचं नाव न घालता. इंग्लंडहून आलेला मिशनरी विल्यम केरी तर आपल्या मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापणारा माणूस, त्याची गोष्ट म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्याला ११ मार्च १८१२ ला लागलेली आग आणि त्यानंतर त्याने परत कामाला लागणं, ती दर मार्चमध्ये कुठे ना कुठे येतेच आणि यायलाही हवी. पण त्याची बायको डोरोथी, जी मनाविरुद्ध भारताच्या बोटीत बसली, १७९४ मध्ये जिचा पाच वर्षांचा पीटर गेला आणि नंतर जिचं मानसिक संतुलन गेलं ते १८०७ मध्ये मरेपर्यंत परत आलं नाही, आणि शेजारच्या खोलीत नवऱ्याचं बायबलचं भाषांतर चालू होतं, तिला त्या गोष्टीत एक वाक्यही नसतं. येत्या मार्चमध्ये केरीवर छापणार असाल तर तिच्यासाठी चार ओळी राखून ठेवा, जागा कमी पडली तर आग थोडी आटोपती घ्या.

आपली,
एक रोजची वाचक