अण्णा, पंप वाचवलात त्याबद्दल

अण्णांस,
स. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत. 'आधीच चार गाड्या दारात उभ्या आहेत, आणखी गर्दी कशाला' हे तुमचं कारण. म्हणून नाव नाही आणि गॅरेजचा पत्ताही नाही. नांदगाव तिठा ते कणकवली या पट्ट्यात जुन्या गाड्या वापरणारे तुम्हाला ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आंबा संपला, दलालांचे हिशेब लागले, आता जरा बसायला सवड आहे. आभार तोंडी मानायला गेलं की तुम्ही गाडीखाली शिरता आणि तिथूनच 'बरां बरां' म्हणता. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं. जुन्या डिझेल पिकअपची टाकी आणि पंप यांचं दुखणं कोकणात घरोघर आहे, माझ्या गाडीवरून आणखी कुणाचे पैसे वाचले तर वाचूदेत.

दुखणं काय होतं ते आधी सांगतो. सपाटीला गाडी गुणी. पेट्या भरून संध्याकाळी देवगड सोडलं की तळेरे, राजापूर, हातखंबा, संगमेश्वर, काही तक्रार नाही. चिपळूण मागे पडलं की मात्र हिची नाटकं सुरू. परशुराम घाटात जरा दम टाकायची, कशेडीच्या चढाला पार बसायची. अॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ओढ नाही, मग दोन आचके आणि बंद. बॉनेट उघडून फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे देतो तो) हातपंप मारत बसायचं, गाडी चालू व्हायची, पुढच्या चढाला पुन्हा तेच. वाशीच्या मार्केटात लिलावाच्या वेळेनंतर पोचलेल्या पेटीला काय भाव येतो हे बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

एका गॅरेजने दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. चार दिवस बरी गेली. मग डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका पंपवाल्याकडे नेली. त्याने गाडी न चालवताच निकाल दिला: इंजेक्शन पंप, म्हणजे डिझेल दाबाने इंजिनात सोडणारा, तो गेला, त्याचे एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, डिझेल फवारणारे नोझल सगळं नवं टाका. आकडा ऐकून बायको म्हणाली, त्यात अर्धा एकर कलमांची फवारणी होते. खोटं नव्हतं ते.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही पाना हातात घेतला नाहीत. प्रश्न विचारलेत. चढाला बंद पडते की उताराला? रिकामी असताना की भरलेली? आणि मला सगळ्यात चमत्कारिक वाटलेला प्रश्न: टाकीत तेव्हा डिझेल किती असतं? मी आठवून म्हणालो, घरून फुल्ल करून निघतो, कशेडीपर्यंत काटा अर्ध्याच्या आसपास येतो. तुम्ही नुसतं 'हां' केलंत आणि म्हणालात, "पंपाक हात लावू नको. पयली टाकी बघूया."

पुढे तुम्ही जे केलंत ते मी आता दिसेल त्याला सांगतो. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलंत. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडवून कॅनमधली नळी तिथे जोडलीत, उरलेलं डिझेल परत आणणारी रिटर्नची नळीही कॅनमध्येच सोडलीत. मी म्हटलं, कॅन वर टांगूया, नीट राहील. तुम्ही तो मुद्दाम खाली, फूटबोर्डवर बांधलात. वर टांगला असता तर डिझेल आपल्या वजनाने उतरलं असतं आणि फीड पंप नापास असता तरी कळलं नसतं. खाली ठेवला म्हणजे पंपाला स्वतः ओढून घ्यावं लागतं. मागे जांभ्याचे चिरे भरलेत आणि फोंडा घाटाकडे गाडी काढलीत. एवढं वजन घेऊन ती सेकंडला सुद्धा न कुरकुरता चढली. एका कॅनने आणि दोन नळ्यांनी इंजेक्शन पंप, नोझल, फीड पंप सगळे एकदम निर्दोष सुटले. उरली टाकी आणि तिथून पुढे येणारा पाइप.

मग त्या पाइपमध्ये हातभर पारदर्शक नळी घातलीत आणि मला वाकून बघायला लावलंत. डिझेलबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ पळत होती. 'पण गळत तर कुठेच नाही,' मी म्हणालो. त्यावरचं तुमचं उत्तर प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने पाठ करावं असं आहे: पंपाच्या पुढे भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं, पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला पडलं तर हवा आत जाते. मागच्या बाजूची गळती ओली नसते. जमिनीवर डाग शोधत बसणारा तिथे फसतो.

टाकीचं झाकण उघडलंत तर 'फुस्स' झालं. झाकणातलं हवेचं छिद्र मातीने बुजलेलं. डिझेल जाईल तशी बाहेरून हवा आत यायला हवी, ती येत नव्हती, टाकीत ओढ तयार होत होती आणि पंप तिच्याशी झुंजत होता. मला वाटलं, सापडलं. तुम्हाला वाटलं नाही. "ह्या अर्धाच," म्हणालात आणि टाकी उतरवायला घेतलीत.

त्या दुपारचं सगळं काही लिहीत नाही, पण टाकीच्या आत जे दिसलं ते लिहिलंच पाहिजे. गाडी आमच्याकडे यायच्या आधी वर्षानुवर्षं पावसाळ्यात उभी राहिलेली. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा, रात्री गार झाली की पत्र्याच्या आतून पाणी सुटतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला जातं आणि तिथेच बसतं. पाणी आणि डिझेल भेटतात त्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढते. तुम्ही बॅटरी धरलीत तेव्हा तळाला तांबडा गाळ आणि त्यावर शेवाळासारखी काळी, बुळबुळीत साय होती. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या टोकाची जाळी तिने निम्मी लिंपलेली. बाहेरून टाकी धडधाकट, पण तिला धरणाऱ्या पट्ट्यांखालचं रबर काढलं तर तिथे ओल धरून पत्रा सालपटासारखा सुटला होता.

आणि मुख्य चोर सक्शन पाइपवर होता. तळाशी नाही, वर, टाकीच्या साधारण मध्यावर येईल अशा जागी टाचणीच्या टोकाएवढं गंजाचं भोक. टाकी भरलेली असताना ते डिझेलमध्ये बुडलेलं, म्हणून त्यातून डिझेलच ओढलं जाई आणि काही बिघडत नसे. पातळी भोकाच्या खाली गेली, त्यात चढाला डिझेल एका बाजूला कललं, की भोक उघडं पडायचं आणि पंप हवा प्यायचा. तुमचा तो डिझेल किती असतं हा प्रश्न तेव्हा मला कळला. कशेडीचा दोष नव्हता, तिथे पोचेपर्यंत डिझेल जितकं संपायचं त्याचा होता.

टाकीच्या त्या पत्र्याचं वेल्डिंग स्वतःच्या गॅरेजात करायला तुम्ही साफ नकार दिलात. "रिकामी टाकी भरल्या टाकीपेक्षा वायट." भरलेल्या टाकीत डिझेल, रिकामीत वाफ आणि हवा, ठिणगी पडली तर ती फुटते. आधी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून टाकी वारंवार खळबळवलीत. गंज सुटावा म्हणून नट आणि सायकलच्या चेनचा तुकडा आत टाकलात. नट मोजून टाकलेत, पोऱ्याकडून मोजून घेतलेत, एक कमी भरला तर तो मिळेपर्यंत चहा नाही! मग टाकी पाण्याने भरून, ठिगळाची जागा तेवढी वर ठेवून, ओळखीच्या गॅस वेल्डिंगवाल्याकडून ब्रेझिंग (पितळ वितळवून सांधणं) करून आणलंत. त्याने हाताशी होता म्हणून गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा तुकडा काढला, तो तुम्ही परत ठेवायला लावलात, कारण जस्ताचा डिझेलशी संबंध आला की त्याची साबणासारखी घाण होते आणि ती नोझलवर जाऊन बसते. आतून रंग मारूया का असं मी विचारलं, त्यावर तुम्ही ज्या नजरेने पाहिलंत ती लक्षात आहे. साधा रंग डिझेलमध्ये सुटतो आणि पापुद्रे थेट जाळीवर. रंग बाहेरून, पट्ट्यांखाली नवं रबर, आत काही नाही.

फीड पंप निर्दोष सुटला होता तरी उघडलात, त्याचं कारणही सांगितलंत. हातपंपाचा दांडा मी इतका झिजवला होता की तिथून पाझर सुरू झालेला. किटमधले वायसर, ओ-रिंग, स्प्रिंग बदललेत, व्हॉल्व्ह धुतलेत, आतली छोटी जाळी साफ केलीत. इंजेक्शन पंपाला मात्र बोट लावलं नाहीत. त्याचं सील तसंच आहे. तुम्ही अजून त्याला मायकोचा पंप म्हणता. कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, ते तुमच्या गॅरेजपर्यंत काही पोचलेलं नाही. त्या पंपातला प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ते नळकांडं) यांच्यामध्ये अवघी दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांशांची फट असते, जोडी एकत्र घासूनच बनवलेली, म्हणून एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. गंजाचं पाणी तिथवर गेलं असतं तर पंपवाल्याचं म्हणणं खरं करून दाखवलं असतं. फिल्टरने ते अडवलं म्हणून पंप वाचला, हे तुमचं मत. माझ्या मते त्यात तुमचाही वाटा आहे.

हवा काढणं तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला, हातपंप मारत राहा, फेस थांबून सलग धार आली की आवळा. मग नोझलच्या पाइपचे नट जरा ढिले करून स्टार्टर, डिझेल दिसलं की एकेक बंद. इथे वाचणाऱ्यांना एक सूचना, अण्णांचीच: हे जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचं आहे. नव्या कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीला इंजिन चालू असताना त्या नटाला पाना लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, धार कातडीतून आत शिरते आणि हात जायची वेळ येते.

बिल केलंत ते किट, पाइप, रबर, ब्रेझिंग आणि मजुरी, बस्स. सांगितलेल्या पंपाच्या किमतीपुढे ते किती होतं हे लिहिलं तर लोकांना खोटं वाटेल. त्यावर मला तासभर फुकट शिकवलंत. डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घालणाऱ्यांवर तुमचा राग आहे. 2020 पासून आलेल्या 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाच्या डिझेलमध्ये वंगणासाठी लागतं ते रिफायनरीतच घातलेलं असतं, आपण वर ओतायची गरज नाही, हे मला पटलं. रॉकेल मिसळणाऱ्यांबद्दल तुम्ही जे बोललात ते इथे छापता येणार नाही.

त्यानंतर सबंध सीझन गाडी वाशीला जात राहिली. परशुराम, कशेडी, कुठेच हातपंपाला हात लावायची वेळ आली नाही. एकदा मुद्दाम काटा पावच्या खाली उतरू दिला आणि भरलेल्या पेट्यांसह चढावर घेतली. ड्रायव्हर देवाचं नाव घेत होता, मी गाणी ऐकत होतो. ती पारदर्शक नळी तुम्ही आठवड्याने काढून टाकायला सांगितली होती, उन्हाने कडक होते म्हणून. काढली. फिटनेसला आरटीओत नेली तेव्हा तिथल्या माणसाने टाकीखाली वाकून बघितलं आणि नवे पट्टे कुठे मिळाले ते विचारलं. मी सांगितलं नाही, तुमची गर्दीची अट आठवली.

मृग लागायच्या आत टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवली आहे, झाकणाचं छिद्र तारेने साफ केलंय. गाडी शेडमध्ये किंचित पुढे उतरती उभी केलीय, म्हणजे पाणी साचलंच तर ड्रेन प्लगकडे येईल. महिन्याने प्लग ढिला करून बाटलीत थोडं काढून बघेन आणि ती बाटली तुम्हाला आणून दाखवेन, कारण मला साफ वाटलेलं तुम्हाला वाटेलच असं नाही.

तुमचा कॅन अजून माझ्याकडे आहे. पेटी आणली तेव्हा साखरेचं कारण सांगून तुम्ही ती शेजारच्या पंक्चरवाल्याला देऊन टाकलीत, म्हणून या वेळी कॅनबरोबर कोकमाचं आगळ आणतोय, मीठ घातलेलं, साखरेचा कण नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी येतो. गाडी आणत नाही, एसटीने येतो, म्हणजे तुम्ही तिच्याखाली शिरणार नाही.

आपला,
देवगड तालुक्यातला एक बागायतदार