केसपेपरवरचं ‘व्यसन : नाही’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ज्येष्ठांच्या विसरभोळेपणावर लेख आला होता. शब्दकोडी सोडवा, सकाळी फिरायला जा, अक्रोड खा, सगळं त्यात होतं. दारूचं नाव मात्र एकदाही नव्हतं. गुजरातेत दारूबंदी आहे, बडोद्याच्या वाचकाला हा विषय कशाला, असं समजून ते गाळलं असेल तर ते चूक आहे. हे राज्य १९६० साली झालं तेच दारूबंदी घेऊन, पण मी परिचारिका म्हणून नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत दारूमुळे आजारी पडलेली माणसं आमच्या वॉर्डात येतच होती.

देशात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने त्याच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी २०२४ मध्ये चौदावर नेली. तीत अति मद्यपान आहे आणि नैराश्यही आहे. ‘अति’ कशाला म्हणायचं, तर आठवड्याला २१ युनिटांच्या वर. हे विलायती माप. एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की साधारण ४२.८ टक्क्यांची असते, तेव्हा ६० मिलीच्या एका पेगात अडीच युनिटांहून थोडं जास्तच भरतं. रोज संध्याकाळी एक मोठा पेग, शनिवार-रविवारी दोन, की ओलांडली रेषा. आणि एवढी घेणाऱ्या माणसाला त्याच्या घरात कुणी दारुडा म्हणत नाही, ‘बेतानं घेतात’ म्हणतात.

थोडी घेतलेली मेंदूला चांगली, असं अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. ज्या जुन्या अभ्यासांच्या जोरावर हे बोलतात त्यांतल्या अनेकांत ‘न पिणाऱ्यां’मध्ये दारू सोडलेलेही धरले होते, यकृत बिघडल्यावर डॉक्टरांनी दम भरला म्हणून सोडलेलेसुद्धा. मग न पिणारेच जास्त आजारी दिसले, यात नवल काय? शिवाय जे फार प्यायले त्यांतले बरेच म्हातारपणाच्या मोजणीपर्यंत पोचलेच नाहीत. इंग्लंडमध्ये ५५० जणांच्या पिण्याची ३० वर्षं नोंद ठेवून शेवटी मेंदूचा एमआरआय काढला. २०१७ साली आलेल्या त्या अभ्यासात आठवड्याला १४ ते २१ युनिट घेणाऱ्यांमध्येही, आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग आक्रसलेला असण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या तिप्पट निघाली.

आपल्याकडे मोजणीचंच अवघड आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू घेतात, आणि दारूच्या पुरते आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एखाद्यालाच काही उपचार मिळतो. हे आकडे घरोघरी विचारून काढलेले. समोर सुना-नातवंडं बसलेली, त्यात इथे परमिटाशिवाय पिणं हा गुन्हा. कोण हो म्हणणार?

दवाखान्यातही तेच. मांडीचं हाड मोडून आलेले एक आजोबा मला आठवतात. मुलाने सांगितलं, ‘छे, साधी सुपारीही नाही.’ केसपेपरवर लिहिलं, व्यसन : नाही. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या रात्री हात थरथरू लागले, घामाने सदरा चिंब, आणि चादरीवर नसलेल्या मुंग्या ते एकेक करून वेचू लागले. ‘वय झालं, डोक्यावर परिणाम झाला,’ असं सगळ्यांनी ठरवलं आणि त्यांचे हात पलंगाला बांधले. पहाटे सून जिन्यात गाठून मला म्हणाली, ‘सिस्टर, बाबा रोज घेतात हो. आतल्या खोलीत. यांना सांगू नका मी बोलले म्हणून.’ डॉक्टरांना उठवलं, दारू एकदम तुटल्यावर द्यायची औषधं आणि थायमिन सुरू झालं, आणि काही दिवसांत आजोबा नातवाला नावाने हाक मारू लागले.

वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी उरतं. अशाला थायमिन न देता ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. केसपेपरवर ‘नाही’ असेल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरला हे सुचावं कसं?

नैराश्याचा गुंता याहून वाईट. बायको गेली, नोकरी संपली, झोप येत नाही म्हणून माणूस घ्यायला लागतो. दारूने मन आणखी खचतं, आणि दोन्ही मिळून विसरायला लावतात. घरचे त्याला आणतात ते ‘हल्ली विसरतात’ म्हणून. खचलेला म्हातारा प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणतो, ते थेट स्मृतिभ्रंशासारखं दिसतं. पण नैराश्यावर उपचार केले की पुष्कळांची स्मरणशक्ती सुधारते, आणि दारूने आलेली उदासी बहुतेकदा सोडल्यावर तीन-चार आठवड्यांत ओसरते. या दोन्हींची चौकशी न करता कुणावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारणं हा अन्याय आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आणि नैराश्याच्या दोन्ही रुग्णांमध्ये शंभरातले सुमारे ८५ जण उपचारांविना होते. हे वाचलं की मला अजून राग येतो.

उपाय महागडे नाहीत. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी अति पिणाऱ्या पुरुषांशी थोड्याच बैठकांत बोलून पाहिलं. तीन महिन्यांनी ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. ज्यांच्याशी असं बोलणं झालं नव्हतं त्यांच्यात २६ टक्के. आपल्या मराठी मंडळांच्या आरोग्य शिबिरांत साखर आणि रक्तदाब बघतात, तिथेच पडद्याआड, नातेवाईकांना बाहेर बसवून, पिण्याबद्दल आणि मनाबद्दल विचारता येईल. मानसिक आजाराच्या उपचारात रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हेही लोकांना सांगावं.

आपल्याला विनंती अशी की, जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची, पिण्याबद्दलच्या दहा प्रश्नांची चाचणी मराठीतून छापा. सोबत ठळक अक्षरांत हेही द्या : वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या चार-पाच दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. कुठे जायचं हे कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
दांडियाबाजार, बडोदे